मीठ कळेना, तिखट मात्र झोंबतंय: सातव्या नसेचं एक प्रकरण

रस्सा खारट झाला, तिथून हे प्रकरण सुरू होतं. मला त्याचा अर्थ लागला तो पाच दिवसांनी, आणि त्यातले दोन दिवस माझ्या चुकीचे.

एप्रिलचा दुसरा आठवडा. कोल्हापूरच्या आसपास तेव्हा गावोगावच्या जत्रा सुरू असतात आणि आचाऱ्यांना झोपायलाही सवड मिळत नाही. आमच्या मंगळवार पेठेतले एक आचारी आहेत, वय 54. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. हे लिहायला त्यांची परवानगी आहे, एकदोन तपशील मात्र मी बदललेत. चारशे-पाचशे माणसांचं मटण एकहाती शिजवणारा माणूस. मिठाचा अंदाज कधी चुकत नाही अशी ख्याती. त्या शनिवारी एका गावच्या जत्रेत पहिल्याच पंगतीत कुणीतरी ओरडलं, "मामा, मिठाचं पोतं पडलं काय पातेल्यात?" मामांना वाटलं, पाव्हण्याला चढलीय. दुसऱ्या पंगतीतही तेच. मग भाच्यानं चाखलं आणि घाईघाईनं दोन कळशा पाणी ओतलं.

मामांची चव बघायची रीत वर्षानुवर्षांची आहे. उजव्या हातात पळी, रस्सा डाव्या तळहातावर, आणि तो जिभेच्या डाव्या कडेनं टिपायचा. ही रीत पुढं महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तुमच्या-माझ्या जिभेची एक बाजू मेली तरी आपल्याला बहुधा पत्ताही लागत नाही, दुसरी बाजू सांभाळून घेते.

रविवारी डावा कान ठणकायला लागला. मामींनी लसूण घालून तेल कढवलं आणि कोमट झाल्यावर कानात सोडलं. सोमवारी पुन्हा. मंगळवारी सकाळी मामा चूळ भरायला गेले तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडं ओढलेलं.

मंगळवार

"डॉक्टर, ह्यांच्या तोंडावरनं वारं गेलंय बघा," मामी आत येता येताच म्हणाल्या. भाच्यानं रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर वाचून पक्षाघात ठरवूनही टाकला होता. मेंदूचा फोटो कुठं काढायचा एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी म्हटलं, मामा, कपाळाला आठ्या घाला, उसाचा दर पडल्यावर घालता तशा. उजव्या कपाळावर चार आठ्या उमटल्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं. डोळे मिटा. उजवा मिटला, डाव्याची फट राहिली आणि त्या फटीतून बुबुळ वर सरकताना दिसलं. डोळा मिटायचा हुकूम सुटला की बुबुळ आपोआप वर जातं, बहुतेकांचं. एरवी पापणी आड येते म्हणून दिसत नाही. गाल फुगवा. डावीकडून हवा निसटली. फुंकणी फुंकल्यासारखं करा. जमेना. हे मात्र मामांच्या मनाला लागलेलं दिसलं.

भाच्याला समजावून सांगावं लागलं, कारण त्याची भीती चुकीची असली तरी खुळचट नव्हती. चेहऱ्याच्या वरच्या भागाला, म्हणजे कपाळाला आणि काही प्रमाणात पापण्यांना, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतून हुकूम येतो. खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलातून. म्हणून मेंदूत वर कुठं रक्ताची गुठळी अडकली तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या घालता येतात. कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडला की दोष बहुतेक वेळा मेंदूच्या खाली, नसेच्या वाटेवर असतो. 'बहुतेक वेळा' म्हणतोय, कारण मेंदूच्या देठात चेहरा हलवणारी ही सातवी नस, डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून बाहेर येते. तिथं घाव बसला तरी कपाळ जातं. पण मग त्या बाजूचा डोळा बाहेरच्या अंगाला वळत नाही. मामांचा डावा डोळा पार कडेपर्यंत वळत होता. हातापायांत ताकद होती, बोलणं ओठांमुळं बोबडं झालेलं, शब्द मात्र जागच्या जागी. यातलं काही जरी बिघडलेलं असतं तर मी त्यांना खुर्चीवरही बसू दिलं नसतं, तशीच रिक्षा मोठ्या दवाखान्याकडं वळवली असती.

मग बाकीच्या नसा. कवटीतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आणि त्यांचा आजचा क्रम 1778 मध्ये सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं लावून दिला. आम्ही तो पाठ करतो आणि पेशंटसमोर बसल्यावर क्रमानं कधीच तपासत नाही. आधी शेजारपाजार बघतो. कापसाच्या वातीनं कपाळ, गाल, हनुवटी तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंना स्पर्श सारखाच लागत होता. म्हणजे पाचवी नस शाबूत. दात आवळायला लावले तर जबड्याचे स्नायू दोन्हीकडं टणक. तेही पाचवीचंच काम. चावणं पाचवीकडं आणि घास गालातून पुन्हा दातांखाली ढकलणं सातवीकडं, अशी वाटणी आहे. त्यामुळं मामांना चावता येत होतं, पण घास डाव्या गालात साचून राहत होता. जीभ बाहेर काढली तर डावीकडं कललेली वाटली. इथं नवखा माणूस फसतो. जीभ सरळच असते, ओठ उजवीकडं सरकल्यामुळं ती तिरकी भासते. बोटानं ओठाचा कोपरा जागेवर धरून नाकाच्या रेषेत बघितलं तर सरळ. बारावी नस शाबूत.

आता माझी चूक. जिभेच्या डाव्या कडेला, टोकापासून बोटभर मागं, एक पांढरट फोड होता. "रस्सा चाखताना पोळलं," मामा म्हणाले. कानात बघितलं तर छिद्राच्या तोंडाशी असलेल्या खोलगट वाटीत कातडी लाल आणि दोनतीन बारीक पुटकुळ्या. "तेल जरा जास्तच तापलं व्हतं," मामी ओशाळून म्हणाल्या. मी केसपेपरवर लिहिलं: जीभ पोळली, कान तेलानं भाजला. दोन फोडांना दोन कारणं, दोन्ही तोंडावर तयार, आणि बाहेर पंधरा पेशंट. चव कमी लागते, हेही मामांनी आपण होऊन सांगितलं होतं: "सगळं अळणी लागतंय." तेही लिहून घेतलं आणि पुढं सरकलो.

निदान लिहिलं, बेल्स पाल्सी. सातव्या नसेचा असा लुळेपणा की ज्याचं कारण सापडत नाही. स्कॉटलंडचे सर चार्ल्स बेल यांचं नाव त्याला आहे. चेहऱ्याच्या हालचाली सातवी नस करते आणि चेहऱ्याची संवेदना पाचवी वाहते, ही फोड त्यांच्या 1821 च्या निबंधापासून हळूहळू स्पष्ट झाली. पण 'कारण सापडत नाही' असं लिहायच्या आधी कारण शोधावं लागतं, ते मी अर्धवट सोडलं. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलं. मामांना मधुमेह असल्यानं साखर रोज तपासायला सांगितली, डोळ्यासाठी थेंब आणि रात्री मलम दिलं, पापणी चिकटपट्टीनं मिटून झोपायला शिकवलं. चुलीच्या धुरापासून लांब राहा म्हटलं, तर मामा हसले. अर्धेच.

गुरुवार

दोन दिवसांनी मामा भाच्याच्या खांद्यावर भार टाकून आले. घर गरगर फिरतंय, दोनदा उलटी झाली. डोळे बघितले तर बुबुळं उजवीकडं हिसके देत होती. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मधोमध ठेवला तर आवाज उजव्या कानात जास्त. कानासमोर धरला तर दोन्हीकडं हवेतून नीट, पण डावीकडं क्षीण. म्हणजे डाव्या आतल्या कानाचं, आठव्या नसेचं काहीतरी बिनसलंय. बेल्स पाल्सीत हे बसत नाही.

मग कानात पुन्हा बघितलं. तेल बंद होऊन दोन दिवस झालेले. भाजलेलं असतं तर वाळायला हवं होतं. तिथं तर सात-आठ नव्या पुटकुळ्या, पाण्यानं भरलेल्या, लालसर बुडाच्या, घोळक्यानं. अशा घोळक्याला मराठीत एकच नाव आहे: नागीण.

कानाची वाटी आणि जिभेची कड. कातडीवर मोजली तर वीतभराचं अंतर. पण नसेच्या नकाशात ही दोन घरं एकाच वाड्यातली आहेत. डॉक्टरकीच्या आधी दोन वर्षं मी शरीरविच्छेदनाच्या टेबलावर पोरांना हाच वाडा दाखवत होतो, म्हणून लाज जास्त वाटली.

सातव्या नसेची वाट

मेंदूच्या देठातून सातवी नस निघते ती एकटी नसते. हालचालीचे तंतू एका जाड दोरीत, आणि चव, अश्रू, लाळ यांचे तंतू शेजारच्या बारीक दोरीत. आठवी नस सोबतीला. या तिघी मिळून कानशिलाच्या हाडातल्या सेंटिमीटरभर लांबीच्या बोळात शिरतात. बोळ संपल्यावर आठवी आतल्या कानाकडं वळते आणि सातवी हाडातल्या स्वतःच्या नळीत घुसते. सोळाव्या शतकातल्या फॅलोपिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ही नळी ओळखली जाते. सगळी मिळून जवळजवळ 3 सेंटिमीटर लांब. हाडाच्या नळीतून इतकी लांब वाट काढणारी नस शरीरात दुसरी नाही. आणि सुरुवातीचा 3 ते 5 मिलिमीटरचा तुकडा इतका अरुंद, की रुंदी एक मिलिमीटरही भरत नाही. नस सुजली की तिला फुगायला जागाच नाही. ओल्या दोरानं गाठ आवळावी तसा हाडाचा फास तिच्याभोवती बसतो.

या अरुंद तुकड्याच्या शेवटी नस गुडघ्यासारखी मोडते. त्या मोडीवर पेशींची एक गाठ असते, जेनिक्युलेट गँग्लियन. गोष्टीतला चोर इथं लपलेला होता.

गाठीपासून पहिली फांदी फुटते ती अश्रूंची, ग्रेटर पेट्रोसल. ती पुढं जाऊन नाकामागच्या एका गाठीत थांबते, आणि तिथून दुसरे तंतू पाचव्या नसेच्या फांद्यांवर स्वार होऊन अश्रुग्रंथीपर्यंत पोचतात. सातवी नस इथून मागं वळते, मधल्या कानाच्या भिंतीतून जाते, पुन्हा मोडते आणि कानामागच्या हाडात सरळ खाली उतरते. उतरताना रिकीब या मधल्या कानातल्या इवल्या हाडाच्या स्नायूला एक बारीक फांदी देते. स्टेपिडियस, हाडाला जोडलेल्या स्नायूंत शरीरातला सगळ्यात लहान. मोठा आवाज आला की तो रिकीब आवळून धरतो, आतल्या कानाला धक्का कमी बसतो. मग बाहेर पडायच्या जरा आधी कॉर्डा टिंपनी. ही फांदी उलटी वर चढते, मधल्या कानात हातोडी आणि ऐरण यांच्यामधून कानाच्या पडद्याला घासून जाते, हाडाच्या फटीतून बाहेर येते आणि जबड्याच्या आतल्या बाजूला पाचव्या नसेच्या जिभेच्या फांदीला जाऊन मिळते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव हिच्यातून येते, आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींना हुकूम हिच्यातूनच जातो. मागच्या एक तृतीयांशाची चव नवव्या नसेकडं.

एवढं झाल्यावर राहिलेली नस कानामागच्या छिद्रातून बाहेर पडते आणि गालगुंडात सुजते त्या ग्रंथीत शिरते. ग्रंथीच्या पोटातून जाते खरी, पण तिला काही देत नाही. त्या ग्रंथीचं लाळेचं खातं नवव्या नसेकडं. मामींना हे दाखवायला मी माझा तळवा मामांच्या कानापुढं ठेवला आणि पाची बोटं चेहऱ्यावर फाकवली: अंगठा कपाळाकडं, मग डोळ्याकडं, गालाकडं, हनुवटीकडं, आणि करंगळी गळ्याकडं. या पाच फांद्या म्हणजे चेहऱ्याची सगळी हालचाल. हसू, आठी, फुंकर, डोळा मारणं. "आणि मुरका?" मामींनी विचारलं. तोही.

कानाच्या वाटीतल्या कातडीचा एक छोटा तुकडाही सातव्या नसेच्या वाट्याला येतो. पुस्तकात एका ओळीत संपणारा हा तपशील आहे, परीक्षेत कुणी विचारत नाही. मामांच्या पुटकुळ्या बरोबर त्या तुकड्यावर होत्या.

मीठ आणि चटणी

आता मी मंगळवारी करायला हवी होती ती तपासणी केली. मामांना जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली, आत घ्यायची नाही, बोलायचं नाही. आत घेतली की लाळ सगळीकडं पसरते आणि परीक्षा फुकट. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गोड, खारट, आंबट, कडू. मिठाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून जिभेच्या उजव्या पुढच्या भागाला लावली. मामांचं बोट लगेच 'खारट'वर. चूळ भरली. आता डावीकडं, फोडापासून लांब. बोट कागदावर घिरट्या घालत राहिलं. साखरेचं पाणी लावलं, तरी तेच.

मामी बॅगेतून डबा घेऊन आल्या होत्या, त्यात कांदा-लसणाची चटणी होती. मला काय सुचलं कोण जाणे, काडीच्या टोकावर कणभर चटणी घेऊन डाव्या बाजूला टेकवली. मामा खुर्चीतून उठलेच. "अहो डॉक्टर! तिखट लागतंय की!"

मीठ कळेना आणि तिखट झोंबतंय, एकाच जागेवर. भाच्याला हे कोडं वाटलं. कोल्हापूरकराला तर तिखट ही चव नाही हे पटवणंच कठीण. पण जिभेच्या चव ओळखणाऱ्या कळ्यांना तिखट कळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या टोकांना भिडतं. चटका बसल्यावर जी यंत्रणा ओरडते तीच मिरची खाल्ल्यावर ओरडते. ही टोकं ज्या प्रथिनानं कॅप्सेसिन ओळखतात त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये लावला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. चटका ही पाचव्या नसेची बाब. मीठ सातव्याची.

आणि इथं नकाशा कामाला येतो. जिभेपासून निघताना मीठ आणि तिखट एकाच फांदीतून प्रवास करतात, कारण सातव्याची कॉर्डा टिंपनी पाचव्याच्या फांदीला चिकटलेली असते. जबड्यामागं त्यांची ताटातूट होते. तिखट पाचव्यासोबत सरळ वर जातं, मीठ कानाची वाट धरतं. अक्कलदाढ काढताना कधी त्या एकत्र फांदीला इजा झाली, तर मीठही जातं आणि तिखटही. मामांचं तिखट शाबूत होतं, म्हणजे घाव ताटातुटीच्या वर, कानाच्या बाजूला.

किती वर? मामींनी नंतर सांगितलं, की सोमवारपासून भांडं पडलं तरी हे डावा कान दाबून धरतात. म्हणजे रिकिबीचा स्नायूही सुटला होता. त्याही वरची फांदी अश्रूंची. दोन्ही खालच्या पापण्यांत 5 मिलिमीटर रुंद टिपकागदाच्या पट्ट्या अडकवून पाच मिनिटं थांबलो. उजवी पट्टी 19 मिलिमीटर भिजली, डावी 4. डावीकडचा डोळा मिटत नव्हता आणि कोरडाही होता. या दुहेरी माराकडं लक्ष गेलं नसतं तर बुबुळावर जखम व्हायला वेळ लागला नसता.

अश्रू, आवाज, चव, चेहरा. सगळ्या फांद्या खालपासून वरपर्यंत गेलेल्या, शेजारची आठवी नसही भाजलेली. सगळी बोटं गुडघ्याच्या त्या गाठीकडं. इतकं मात्र सांगायला हवं, की सुजलेली नस चाकूनं कापल्यासारखी एका जागी तुटत नसते. काही तंतू वाचतात, सूज खालपर्यंत पसरते. म्हणून अशा परीक्षांवरून मिलिमीटरमध्ये जागा सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मला जागेपेक्षा माणसाच्या डोळ्याची काळजी जास्त होती, आणि पुटकुळ्यांनी निदान तसंही सांगून टाकलं होतं.

नाव आणि उपचार

जेम्स रॅमसे हंट या अमेरिकन मेंदूतज्ज्ञानं 1907 मध्ये कानातली नागीण आणि चेहऱ्याचा लुळेपणा यांची सांगड घातली. तेव्हापासून त्याचंच नाव या आजाराला आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की विषाणू शरीर सोडून जात नाही, नसांच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो. वय, मधुमेह, जागरणं, कशानं पहारा ढिला पडला की त्या नसेच्या वाटेनं तो बाहेर येतो. छातीवर आला तर कमरपट्ट्यासारखा, सातव्या नसेत आला तर असा. हंटच्या आजारात कधी चेहरा आधी वाकडा होतो आणि फोड दोन-चार दिवसांनी येतात, म्हणून तोंड वाकडं झालेल्या प्रत्येकाचा कान पहिल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा बघायला हवा. माझी सबब तीही नव्हती. फोड मंगळवारीच होते.

मामींनी विचारलं, "नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. नागीण एका नसेच्या इलाख्यापुरती असते आणि नसेचा इलाखा शरीराच्या मधल्या रेषेवर संपतो, त्यामुळं वेढा पुरा होण्याची भीती धरायचं कारण नाही. गेरू लावू का, तर नको, लावला की फोड दिसेनासे होतात आणि पुन्हा माझ्यासारखा कुणी फसतो. घरात सून गरोदर होती. तिला कांजिण्या येऊन गेल्यात का, ते तिच्या माहेरी फोन करून विचारायला लावलं. गेल्या होत्या.

एसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, आधी किडनीची रक्ततपासणी करून. प्रेडनिसोलोन चालूच ठेवलं. विषाणूविरोधी औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं बरं, असं आम्ही मानतो. चेहरा मंगळवारी पहाटे वाकडा झाला, औषध गुरुवारी दुपारी पोटात गेलं. मर्यादेच्या आत, पण मंगळवारीच जाऊ शकलं असतं. हे मी मामांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "आमचंबी मीठ चुकलंच की शनवारी." राजारामपुरीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मॅडमनी ऐकू येण्याची तपासणी केली. वरच्या पट्टीतले आवाज डावीकडं कमी होते. त्या औषधांनी गरगर थांबायला आठवडा गेला.

पुढचे आठ महिने

चेहऱ्याच्या लुळेपणाला एक ते सहा अशा पायऱ्या आहेत, सहा म्हणजे पूर्ण मेलेला. मामा पाचवर होते. बेल्स पाल्सीतले बहुतेक जण आपले आपण बरे होतात, रॅमसे हंटमधले तितके होत नाहीत, हे मी लपवलं नाही. साडेतीन आठवड्यांनी डाव्या गालावर पहिली फुरफुर दिसली. ती मामींनी बघितली, मला दिसायला आणखी चार दिवस लागले. जुलैत डोळा जोर लावून मिटायला लागला. गणपतीत मामा पुन्हा चुलीपुढं उभे राहिले, गॉगल लावून. गल्लीतल्या पोरांनी त्याचीही चेष्टा करून घेतली. मीठ मात्र भाचा बघायचा.

नस पुन्हा वाढते ती रोज साधारण मिलिमीटरभर, आणि आंधळी वाढते. हाडाच्या त्या नळीत हजारो तंतू एकमेकांना खेटून असतात. आतली आवरणं फाटलेली असली तर जुन्या घरी जायला निघालेला तंतू शेजाऱ्याच्या दारात पोचतो. ऑक्टोबरमध्ये मामा हसले की डावा डोळा बारीक व्हायला लागला. ओठाला निघालेले काही तंतू पापणीला जाऊन पोचले होते. आरशासमोर हळू, कमी जोरानं चेहऱ्याचे व्यायाम करायला शिकवले. जोर लावून केले की ही चुकीची जोडणीच पक्की होते.

डिसेंबरात मामा आले ते एक वेगळीच तक्रार घेऊन. जेवायला बसलं की डाव्या डोळ्यातून पाणी येतं. "मिरची भाजताना दोन्ही डोळं गळत्यात, त्ये ठीक हाय. पण जेवताना ह्यो एकटाच रडतोय." घरच्यांचं म्हणणं, तिखट कमी करा. मामांनी आठवडाभर अळणी खाऊन बघितलं. तरी पाणी.

गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि माझ्या टेबलाच्या खणात एका पेशंटनं आणून दिलेली नव्या गुळाची ढेप होती. मामांची साखर त्या दिवशी बरी होती, म्हणून बोटाच्या पेराएवढा खडा त्यांना दिला. म्हटलं, चघळा, बोलू नका. अर्ध्या मिनिटात डाव्या डोळ्यात पाणी भरलं आणि पापणीवरून गालावर आलं. उजवा डोळा कोरडा ठाक. गुळात तिखटाचा प्रश्नच नव्हता. जबड्याखालच्या लाळग्रंथींकडं निघालेले तंतू परतीच्या वाटेवर अश्रूंच्या फांदीत शिरले होते. तोंडाला पाणी सुटायचा हुकूम मेंदूतून सुटत होता, आणि तो डोळ्यात पोचत होता. वैद्यकात याला मगरीचे अश्रू म्हणतात. दोन फांद्या फुटण्याच्या जागेच्या वर, म्हणजे त्या गाठीजवळ घाव बसला असेल तरच हे होतं. एप्रिलमध्ये टिपकागदानं जे सुचवलं होतं ते डिसेंबरात गुळानं सांगितलं.

फारच त्रास झाला तर अश्रुग्रंथीत बोट्युलिनमचं इंजेक्शन देता येतं. मामांनी खर्च विचारला आणि खिशातून रुमाल काढून दाखवला, ह्यानं भागतंय की. मी विचारलं, मीठ आता तुम्हीच बघता का? बघतो म्हणाले. तळहात उचलून दाखवला. रस्सा पूर्वीसारखाच डाव्या तळहातावर घेतात, फक्त मान जरा फिरवून जिभेच्या उजव्या कडेनं टिपतात.